स्ट्रोक आणि ब्लड-ब्रेन बॅरियर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोकणपट्टीत एका तालुक्याच्या गावी फिजिशियन आहे. आयसीयूच्या बाहेर बाकावर बसलेले नातेवाईक जे विचारतात तेच इथे लिहिलंय, भाषाही साधारण त्यांचीच. स्ट्रोक म्हणजे मेंदूचा झटका, ज्याला लोक लकवा म्हणतात: मेंदूतली रक्तवाहिनी गुठळीने बंद पडते, नाहीतर मेंदूत रक्तस्राव होतो. खाली नुसतं झटका म्हटलंय ते यालाच. साडेचार तासांची भानगड काय, बीपी वाढलंय तरी उतरवत का नाहीत, तिसऱ्या दिवशी पेशंट का बिघडला, रक्त पातळ करायला गेले आणि मेंदूत रक्त कसं उतरलं, हे सगळे वेगवेगळे प्रश्न वाटतात पण बहुतेकांचं मूळ एकाच ठिकाणी आहे, ते म्हणजे रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडथळा. आम्ही त्याला ब्लड-ब्रेन बॅरियर म्हणतो, खाली नुसतं बॅरियर म्हणतोय.

आत्ता ह्या क्षणी घरात कोणाचं तोंड वाकडं झालं असेल, एक हात उचलत नसेल, बोलणं जड किंवा असंबद्ध होत असेल तर हे वाचत बसू नका, १०८ लावा.

हा बॅरियर असतो कुठे? कवटीच्या आत एखादी पिशवी असते का?

नाही, पिशवी नाही आणि मेंदूभोवतीचं वेष्टणही नाही, ती आवरणं वेगळी. बॅरियर असतो मेंदूतल्या एकेका बारीक रक्तवाहिनीच्या भिंतीत. ह्या केशवाहिन्या एकापुढे एक लावल्या तर साधारण ६०० किलोमीटर भरतील, म्हणजे आख्खी कोकण किनारपट्टी पायाखाली घालून निघाल्यासारखं, आणि हे सगळं सव्वा-दीड किलोच्या मेंदूत. अंगातल्या इतर ठिकाणी केशवाहिनीच्या पेशींमध्ये थोड्या फटी असतात, त्यातून पाणी, औषधं, लहानसहान रेणू पाझरतात. मेंदूत तसं चालत नाही. तिथे वाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशी, म्हणजे एंडोथेलियल पेशी, एकमेकींना टाइट जंक्शनने घट्ट जोडलेल्या असतात, त्यात क्लॉडिन-५, ऑक्लुडिन अशी प्रथिनं असतात. त्याबाहेर एक पातळ पटल, त्यात रुतलेल्या पेरिसाइट नावाच्या पेशी, आणि सगळ्यात बाहेरून ॲस्ट्रोसाइट नावाच्या मेंदूतल्या मदतनीस पेशींचे पाय येऊन टेकलेले.

आमच्याकडे खाजणात भरतीचं खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून बांध घालतात आणि त्याला उघाड्या ठेवतात, आतलं जादा पाणी ओहोटीला बाहेर जातं पण भरतीचं आत येत नाही. बॅरियर तसाच आहे, बंद भिंत नव्हे तर दारं असलेला बांध. साखर आत न्यायला ग्लूट-१ नावाचं दार, अमिनो आम्लांना वेगळं दार, आणि नको असलेली औषधं परत रक्तात ढकलणारा पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंपसुद्धा.

हे कळलं कसं तेही मजेशीर आहे. १८८५ साली पॉल एरलिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला तर सगळे अवयव रंगले, मेंदू मात्र पांढराच राहिला. त्यांना वाटलं मेंदूला रंग धरतच नसेल. १९१३ च्या सुमारास त्यांचेच शिष्य एडविन गोल्डमान यांनी रंग उलटा, मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला, तेव्हा मेंदू रंगला आणि बाकीचं अंग कोरं राहिलं. म्हणजे मध्ये काहीतरी आहे हे पक्कं झालं. ते टाइट जंक्शन डोळ्यांनी दिसायला मात्र १९६७ उजाडलं, रीस आणि कार्नोव्हस्की यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ते दाखवलं.

एवढं घट्ट असेल तर मेंदूची औषधं आत जातात कशी?

बरीचशी जातच नाहीत, तीच तर औषध कंपन्यांची डोकेदुखी आहे. पार्किन्सनमध्ये मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन कमी पडतं पण डोपामिनची गोळी देऊन उपयोग नाही, ते आत शिरत नाही, म्हणून लेव्होडोपा देतात, ते अमिनो आम्लांच्या दारातून जातं आणि आत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं.

गुठळी तर रक्तवाहिनीत अडकली, मग बॅरियरला काय धाड भरते?

बॅरियरसुद्धा जिवंत पेशींचाच आहे ना, त्यालाही ऑक्सिजन आणि साखर लागते. वजनाने मेंदू शरीराच्या जेमतेम २ टक्के पण ऑक्सिजन खातो २० टक्के, त्यामुळे पुरवठा तुटला की सगळ्यात आधी तिथेच बोंब होते. मोठी वाहिनी बंद असताना दर मिनिटाला साधारण १९ लाख न्यूरॉन, म्हणजे मेंदूच्या पेशी, मरतात असा हिशोब २००६ साली मांडला गेला, तो आता सगळीकडे सांगितला जातो.

पण हे सगळं एका झटक्यात होत नाही, टप्प्याटप्प्याने होतं, आणि नातेवाइकांनी समजून घ्यायचं ते हेच. पहिल्या काही मिनिटांत पेशींचे सोडियमचे पंप बंद पडतात, बाहेरचं पाणी पेशीच्या आत शिरतं आणि पेशी फुगतात. ह्या वेळी बॅरियर अजून शाबूत असतो, पाणी फक्त इकडचं तिकडे झालेलं असतं. पुढच्या काही तासांत बॅरियरच्या पेशींमधून लहान लहान बुडबुड्यांवाटे रक्तातली प्रथिनं आत ओढली जायला लागतात, उंदरांवरच्या प्रयोगांत असं दिसलंय की टाइट जंक्शन तुटायच्या आधीच हे सुरू होतं. मग एमएमपी-९ नावाचं एन्झाइम वाढतं, ते वाहिनीच्या खालचं पटल आणि जंक्शनची प्रथिनं अक्षरशः कुरतडतं. त्यात रक्तातल्या पांढऱ्या पेशी, खासकरून न्यूट्रोफिल, वाहिनीला चिकटतात, आत घुसतात आणि येताना आणखी एमएमपी-९ घेऊन येतात. एक-दोन दिवसांत खरी भगदाडं पडतात, मग पाणी, अल्ब्युमिन नावाचं रक्तातलं प्रथिन, आणि फारच झालं तर लाल पेशीसुद्धा मेंदूत उतरतात.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. त्या पेरिसाइट पेशी आहेत ना, त्या ऑक्सिजनअभावी मरताना आक्रसून केशवाहिनी आवळून धरतात. त्यामुळे कधीकधी मोठी गुठळी निघते, अँजिओग्राफीत वाहिनी सुंदर उघडलेली दिसते, तरी हात हलत नाही, कारण पुढच्या बारीक वाहिन्यांत रक्त पोचतच नाही. डॉक्टर म्हणतात प्रोसिजर यशस्वी आणि घरचे म्हणतात मग माणूस तसाच का पडून आहे, तर दोघंही खरं बोलत असतात.

साडेचार तासांचं एवढं काय घेऊन बसलात? पाच तास झाले तर काय बिघडलं?

गुठळी विरघळवायचं इंजेक्शन, टीपीए म्हणजे अल्टेप्लेस किंवा आता टेनेक्टेप्लेस, हे गुठळी आणि बॅरियर यात फरक करत नाही. जितका वेळ जातो तितका बॅरियर कुजत जातो, आणि अशा कुजलेल्या वाहिनीत अचानक पूर्ण दाबाने रक्त सोडलं, तेही रक्त गोठणार नाही असं औषध देऊन, तर ते मेंदूत फुटून बाहेर येऊ शकतं. शिवाय टीपीए स्वतःच बॅरियरच्या पेशींना एमएमपी-९ बनवायला लावतं. म्हणजे औषध तेच, पहिल्या तासाला जीव वाचवणारं आणि उशिरा दिलं तर घात करणारं.

हे आकडे हवेतले नाहीत. १९९५ च्या अमेरिकेतल्या एनआयएनडीएस चाचणीत तीन तासांच्या आत टीपीए दिलेल्यांत लक्षणं वाढवणारा रक्तस्राव ६.४ टक्के लोकांना झाला, न दिलेल्यांत ०.६ टक्के. तरीही तीन महिन्यांनी टीपीए मिळालेले लोक जास्त संख्येने आपल्या पायावर उभे होते, म्हणूनच औषध मान्य झालं. २००८ च्या इकॅस-३ चाचणीने ही मुदत साडेचार तासांपर्यंत नेली. साडेचार ही काही दाराला कुलूप लागायची वेळ नव्हे, दुसऱ्या तासाला दिलेलं चौथ्या तासाला दिलेल्यापेक्षा केव्हाही चांगलं. "अजून साडेचार व्हायचेत, आधी पेज घेऊ दे त्याला मग निघू" असं करू नका. पेज तर देऊच नका, पाणीसुद्धा नको, गिळणं बिघडलेलं असेल तर ते फुप्फुसात जातं आणि मग न्यूमोनियाशी वेगळं झगडावं लागतं.

मोठी वाहिनी बंद असेल तर जांघेतून तार घालून गुठळी ओढून काढतात, थ्रॉम्बेक्टॉमी, २०१५ च्या चाचण्यांपासून ती पक्की झाली आणि २०१८ पासून निवडक पेशंटांत २४ तासांपर्यंत करतात. निवडक म्हणजे ज्यांच्या स्कॅनमध्ये वाचवण्यासारखा मेंदू अजून शिल्लक दिसतो.

झोपेतून उठले तेव्हाच हात लुळा होता, मग वेळ कुठून मोजायची?

शेवटचे चांगले कधी दिसले तिथून, म्हणजे रात्री दहाला झोपले तर दहापासून. पहाटे लघवीला उठून व्यवस्थित चालत गेले होते हे कोणी पाहिलं असेल तर ते आवर्जून सांगा, तेवढ्यावर इंजेक्शन मिळू शकतं. एमआरआय असलेल्या ठिकाणी एका प्रकारच्या चित्रात इजा दिसतेय आणि फ्लेअर नावाच्या चित्रात अजून उमटली नाहीये असं आढळलं तर झटका ताजा आहे असं धरून इंजेक्शन देता येतं, २०१८ च्या एका युरोपीय चाचणीने ते दाखवलं.

आम्ही राहतो खाडीपलीकडे. साडेचार तासांत पोचणार कसं?

हा प्रश्न खरा आहे आणि त्याला गोड उत्तर नाही. चिपळूणवाला कुंभार्ली घाट चढून कराडला जातो, रत्नागिरीचा आंबा घाटातून कोल्हापूर गाठतो, राजापूरकडचा अणुस्कुरा घाटाने, सावंतवाडी-कुडाळकडचे गोव्यात बांबोळीच्या हॉस्पिटलात जातात, आणि पावसाळ्यात दरड आली की सगळा हिशोबच कोसळतो. गणपतीत हायवेवर काय असतं ते मी सांगायला नको.

त्यामुळे दोन गोष्टी आजच, धडधाकट असताना, करून ठेवा. तुमच्या घरापासून सगळ्यात जवळचं चोवीस तास सीटी स्कॅन चालू असलेलं आणि गुठळीचं इंजेक्शन देणारं हॉस्पिटल कोणतं ते विचारून भिंतीवर लिहून ठेवा, नुसतं नाव नाही, फोन नंबरसुद्धा. आणि वेळ आली की निघतानाच तिथे फोन करा की झटक्याचा पेशंट येतोय, अमुक वाजता सुरू झालं, म्हणजे सीटीचा माणूस जागा असेल. सगळ्यात मोठ्या हॉस्पिटलात थेट न्यायच्या नादात मधलं सीटीवालं हॉस्पिटल सोडून घाट चढणारे लोक मी पाहिलेत, आणि घाटाच्या माथ्यावर वेळ संपते. जवळच्या ठिकाणी सीटी, इंजेक्शन, आणि मग गरज असेल तर सलाईन चालू ठेवून पुढे, हा रस्ता बहुतेकदा बरा.

ॲस्पिरिन घरी देऊ नका. हृदयाच्या झटक्यात देतात म्हणून इथेही देतात लोक, पण मेंदूचा झटका गुठळीचा आहे की रक्तस्रावाचा हे सीटीशिवाय देवालाही सांगता येत नाही.

बीपी २०० वर आहे आणि डॉक्टर नुसते बघत बसलेत!

बघत बसलेले नाहीत, मोजून ठेवतायत. निरोगी मेंदूत वाहिन्या स्वतः आकुंचन-प्रसरण करून आतला प्रवाह सारखा ठेवतात. झटक्याच्या जागी ही सोय बंद पडते, तिथला प्रवाह सरळ बीपीवर अवलंबून राहतो. बीपी धाडकन उतरवलं तर मरायला टेकलेला पण अजून जिवंत असलेला भाग उपाशी मरतो. फार चढू दिलं तर कमजोर बॅरियरमधून गळती आणि रक्तस्राव. म्हणून मर्यादा ठरलेल्या आहेत: गुठळीचं इंजेक्शन द्यायचं तर आधी १८५/११० च्या खाली आणायचं आणि नंतर २४ तास १८०/१०५ च्या खाली ठेवायचं, इंजेक्शन दिलं नसेल तर २२०/१२० पर्यंत सहसा हात लावत नाहीत, आणि झटका मुळात रक्तस्रावाचा असेल तर उलट लवकरात लवकर वरचं बीपी १४० च्या आसपास आणतात. एकाच वॉर्डात शेजारशेजारच्या दोन खाटांवर दोन वेगळे नियम दिसतात ते यामुळे, कोणावर दुर्लक्ष होतंय म्हणून नाही.

आणि ती जिभेखाली कॅप्सूल फोडायची पद्धत, जी अजून काही मेडिकलवाले आणि शेजारपाजारचे जाणकार सांगतात, ती कृपा करून बंद करा. त्याने बीपी किती पडेल याचा नेम नसतो.

"परवा नाव सांगत होते, चहा मागत होते, आज डोळे उघडेनात. माका कळाक नाय, तुम्ही दिलात काय?"

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा, आणि सगळ्यात जास्त रागाने, विचारला जातो. आम्ही काही दिलेलं नसतं, सूज आलेली असते. बॅरियर फुटल्यावर रक्तातलं पाणी मेंदूत साठायला लागतं आणि ही सूज दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान कळसाला पोचते. हाताला सूज आली तर कातडी ताणते, मेंदू मात्र हाडाच्या डबीत आहे, जागा नाही. सीटीची फिल्म उजेडासमोर धरून दाखवतो तेव्हा लोकांना कळतं: मधली रेघ, जी सरळ हवी, ती एका बाजूला सरकलेली असते, आणि एका बाजूच्या वळ्या, मधल्या फटी, पार मिटून गुळगुळीत झालेल्या असतात. मग गुंगी येते, त्याच बाजूची बाहुली मोठी होते, तेव्हा आम्ही धावतो.

मॅनिटॉल देतो ते पाणी ओढून काढायला. गंमत अशी की मॅनिटॉल काम करतं ते जिथे बॅरियर शाबूत आहे तिथेच, फुटलेल्या भागात ते स्वतःच आत झिरपतं आणि पाणी धरून बसतं, म्हणून ते दिवसेंदिवस चालू ठेवायचं औषध नाही. डेक्साचं, म्हणजे स्टेरॉइडचं, इंजेक्शन का नाही दिलं असंही विचारतात, कारण शेजारच्या कोणाला ट्यूमरच्या सुजेत त्याने फरक पडलेला असतो. झटक्याच्या सुजेत स्टेरॉइडने फायदा होत नाही, वर शुगर चढते आणि इन्फेक्शन होतं.

अर्धा मेंदूच सुजला असेल तर कवटीचं हाड काढून मेंदूला बाहेर यायला जागा द्यावी लागते. ऐकायला भयंकर आहे, मान्य. पण ६० वर्षांपर्यंतच्या पेशंटांच्या तीन युरोपीय चाचण्या २००७ साली एकत्र करून पाहिल्या तर ४८ तासांत हे ऑपरेशन झालेल्यांपैकी ७८ टक्के लोक वर्षभराने जिवंत होते आणि न झालेल्यांपैकी २९ टक्के. जिवंत राहिलेल्यांत काहींना मोठं अपंगत्व राहतं, हेही सहीच्या आधी विचारा, सर्जनने स्वतःहून सांगायला हवं पण घाईत राहून जातं. काढलेलं हाड बऱ्याचदा पेशंटच्याच पोटाच्या कातडीखाली ठेवतात आणि काही महिन्यांनी परत बसवतात, त्यामुळे पोटावर टाके का आहेत म्हणून घाबरू नका.

दुसऱ्या दिवशीच्या सीटीत रक्त दिसतंय म्हणाले. म्हणजे इंजेक्शन चुकीचं दिलं?

तसंच असेल असं नाही. इंजेक्शन न देताही मेलेल्या भागात रक्त झिरपतं, बॅरियर फुटल्याचाच तो पुढचा टप्पा. बारीक ठिपके असतील तर बहुतेकदा त्याने पेशंटची तब्येत बिघडत नाही, कधीकधी तर ते वाहिनी उघडल्याची खूण असतात. मोठा गोळा होऊन आजूबाजूचं दाबत असेल तर ती खरी काळजीची गोष्ट. मोठा झटका, उशीर, चढलेलं बीपी, चढलेली शुगर, हृदयाचे अनियमित ठोके यांनी धोका वाढतो. शुगर भरती होतानाच ३०० असेल तर बॅरियर आणखी झपाट्याने ढासळतो, म्हणून डायबेटिस नसलेल्या पेशंटचीसुद्धा बोट टोचून साखर बघतात.

थ्रॉम्बेक्टॉमीनंतर लगेचच्या सीटीत पांढरं दिसलं तर ते रक्तच असेल असंही नाही, प्रोसिजरसाठी सोडलेलं कॉन्ट्रास्ट, म्हणजे वाहिन्या दिसाव्यात म्हणून दिलेलं रंगाचं औषध, फुटक्या बॅरियरमधून झिरपलेलं असू शकतं. ते दिवसभरात धुऊन जातं, रक्त तसंच राहतं. ड्युअल एनर्जी सीटी असेल तर दोन्ही लगेच वेगळं ओळखता येतं.

आईला झटका कधीच आला नाही. डोकं दुखतं म्हणून एमआरआय केला तर रिपोर्टात पांढरे डाग, बारीक वाहिन्यांचा आजार असं लिहिलंय. हे काय?

हा माझ्या मते ह्या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, कारण इथे अजून वेळ हातात असते. मोठा झटका म्हणजे बॅरियर तासांत फुटणं, हा आजार म्हणजे तोच बॅरियर वर्षानुवर्षं थोडा थोडा पाझरणं. वर्षानुवर्षं चढलेलं बीपी, डायबेटिस, तंबाखू आणि वय यांनी मेंदूच्या खोल भागातल्या बारीक वाहिन्यांच्या भिंती जाड आणि कडक होतात, जंक्शन सैल होतात, रक्तातली प्रथिनं बाहेर पाझरतात आणि आजूबाजूच्या तंतूंवरचं वेष्टण खराब होतं, तेच एमआरआयवर पांढरं दिसतं. कॉन्ट्रास्ट देऊन हळूहळू होणारी गळती मोजणाऱ्या एमआरआयमध्ये असं दिसलंय की ज्या भागात अजून डाग नाही, जो दिसायला चांगला आहे, तिथेही गळती असते. म्हणजे डाग उमटायच्या आधी गळती.

घरात हे कसं दिसतं? विस्मरणापेक्षा आधी मंदपणा येतो. हिशोबाला वेळ लागतो, चाल लहान आणि घासत, लघवी लागली की धरवत नाही, लवकर रडू येतं, पूर्वी दहा माणसांचा स्वयंपाक एकहाती करणारी बाई आता गॅसवर काय ठेवलंय ते विसरून मध्येच उभी राहते. लोक म्हणतात वय झालं. असेलही, पण आधी बीपी मोजा. रिपोर्टात थोडे डाग असणं साठीनंतर खूप जणांत असतं, त्याने लगेच गर्भगळीत व्हायचं नाही, डाग किती आणि बीपी किती हे बघायचं.

यावर उपाय आहे तो कंटाळवाणा आहे. स्प्रिंट नावाच्या अमेरिकन चाचणीच्या २०१९ मध्ये आलेल्या भागात वरचं बीपी १२० च्या खाली ठेवायचं लक्ष्य असलेल्यांत पांढरे डाग वाढण्याचा वेग कमी दिसला आणि सौम्य विस्मरणही कमी. प्रत्येकाला १२० झेपेलच असं नाही, उभं राहिल्यावर चक्कर येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला पाडून मांडी मोडण्यात शहाणपण नाही, ते तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं.

आता मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी सांगते, म्हणजे सपाट एक लहान चमचा, दिवसभराच्या सगळ्या खाण्यात मिळून. आपलं बघा: सुकट, सुके बोंबील, खारवलेला बांगडा, मिठातल्या कैऱ्या, लोणचं, पापड, वर पेजेत चिमूटभर. पावसाळ्यात ताजी मासळी नसते तेव्हा तर तेच जेवण. मी सुकं खाऊ नका म्हणणार नाही, कोणी ऐकणार नाही आणि मीही खातो, पण पाण्यात भिजवून, पाणी फेकून, कालवणात वेगळं मीठ न घालता करा, आणि त्या दिवशी लोणचं-पापड ताटात नको. आणि मशेरी. पुरुषांची सिगारेट सगळ्यांना दिसते, घरातल्या बायकांची सकाळची मशेरी कोणी तंबाखूत धरतच नाही, मी ओपीडीत विचारलं की हसतात. ती तंबाखूच आहे.

बाळंतिणीला झटका येतो का? एवढ्या तरुण पोरीला?

येतो, आणि तो वेगळा असतो. मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरेत गुठळी होते, आत रक्त तुंबतं, दाब वाढतो आणि मागच्या बाजूने बॅरियर फुटतो, सूज आणि रक्तस्राव दोन्ही. वाढत जाणारी डोकेदुखी, उलट्या, फिट, अंधुक दिसणं. बाळंतपणानंतर रक्त तसंही गोठायच्या बाजूला झुकलेलं असतं, त्यात बाळंतिणीला पाणी कमी द्यायची आपल्याकडची जुनी चाल, आणि एप्रिल-मेचा उकाडा. पाणी भरपूर द्या. उपचारात रक्त पातळ करणारं हेपॅरिन देतात, आत थोडं रक्त उतरलेलं असलं तरी देतात, कारण मूळ दोष तुंबण्यात आहे, तेव्हा रक्त आहे आणि पातळ करायचं औषध देतात म्हणून भांडू नका.

गरोदरपणात बीपी एकदम चढून फिट आल्या तर तिथेही बॅरियर बहुधा मेंदूच्या मागच्या भागात गळतो, काही वेळ दिसेनासं होतं. वेळेत बीपी आवरलं तर ही सूज बहुतेकदा पूर्ण उतरते.

बॅरियर गळतोय का ते रक्ताच्या तपासणीत कळतं?

रोजच्या वापरात अशी तपासणी नाही. संशोधनात एस-१०० बी सारखी प्रथिनं बघतात, पाठीतलं पाणी काढून त्यातलं अल्ब्युमिन रक्ताशी ताडतात. एमआरआयचं कॉन्ट्रास्ट दिल्यावर नंतरच्या फ्लेअर चित्रात मेंदूच्या वळ्यांमधलं पाणी पांढरं झालेलं दिसलं तर ती गळतीची खूण, २००४ साली वर्णन झालेली. कोणी पॅकेजमध्ये "ब्रेन बॅरियर प्रोफाइल" विकत असेल तर पैसे वाचवा.

भिंत बुजवणारं औषध नाही का निघालं?

उंदरांत निघाली, पुष्कळ. माणसांत आली की फुसकी. झटक्यात मेंदू वाचवायला आणलेल्या एनएक्सवाय-०५९ नावाच्या औषधाची २००६ सालची पहिली मोठी चाचणी आशादायक होती, २००७ ची दुसरी त्याहून मोठी चाचणी फसली आणि विषय संपला. अडचण मुळातच अशी आहे की जे एमएमपी-९ पहिल्या दिवशी बॅरियर कुरतडतं तेच आठवडा-दोन आठवड्यांनी नवीन वाहिन्या उभ्या करायला लागतं, व्हीईजीएफ नावाच्या प्रथिनाचंही तसंच, आधी गळती वाढवतं, मग दुरुस्तीला मदत करतं. कधी अडवायचं आणि कधी सोडायचं हे अजून जमलेलं नाही.

सिटिकोलीनच्या गोळ्या आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक प्रिस्क्रिप्शनवर असतात. २०१२ सालच्या दोन हजारांहून जास्त पेशंटांच्या चाचणीत तिचा फायदा दिसला नाही. नुकसान फारसं नाही, पण महिन्याला त्यावर खर्च होणारे पैसे बीपीच्या गोळीला आणि फिजिओथेरपीला गेले तर मला जास्त बरं वाटेल.

मग फुटलेला बॅरियर परत मिटतो का कधी?

हळूहळू मिटतो, काही आठवडे लागतात, मोठ्या झटक्यात त्याहून जास्त. नवीन वाहिन्या येतात त्या सुरुवातीला गळक्याच असतात, पेरिसाइट येऊन चिकटले की घट्ट होतात. हृदयाच्या अनियमित ठोक्यांमुळे झटका आलेल्यांना रक्त पातळ करायची गोळी लगेच सुरू न करता झटक्याच्या आकाराप्रमाणे काही दिवस थांबतात, त्यामागे हीच धास्ती असते.

गावात एक जण अंगावरून वारं गेलेल्यांना झाडपाल्याचं तेल देतो, कबुतराचं रक्तही चोळतात. करून बघायला काय हरकत?

लकवा होऊन महिना झालाय, डॉक्टरची औषधं चालू आहेत, आणि कोणी साध्या तेलाने मालिश करतंय तर करू दे, सांधे मोकळे राहतात. पहिल्या दिवशी आधी तिकडे नेलं तर हरकत आहे, कारण तेवढ्यात इंजेक्शनची वेळ जाते. काही जणांत लकवा अर्ध्या तासात आपोआप उतरतो, त्याचं श्रेय तेलाला मिळतं. तो टीआयए, म्हणजे तात्पुरता झटका, असतो, आणि पुढच्या दोन दिवसांत मोठा झटका यायचा धोका सगळ्यात जास्त असतो, तेव्हा उतरला तरी त्याच दिवशी हॉस्पिटलात या. कबुतराला सोडा बिचाऱ्याला.

एमआरआयचं ते रंगाचं इंजेक्शन बाबांना चालेल का? किडनी थोडी कमजोर आहे.

क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीचा, ताजा रिपोर्ट घेऊन या आणि आधीच सांगा. ते रंगाचं औषध, गॅडोलिनियम, किडनीचं काम थोडं कमी असेल तर बहुतेकदा देता येतं, फारच कमी असेल किंवा डायलिसिस चालू असेल तर विचार करून, प्रकार बघून देतात, किंवा इंजेक्शनशिवाय भागवतात. पेसमेकर असेल तर त्याचं कार्डही बरोबर आणा.